मालिका संपल्यावरची कॉमिक्स वाचावीत का? ('अवतार'च्या निमित्ताने)

रेघोटी (धागाकर्ती)

गाजलेल्या ॲनिमेशन मालिकेवर कॉमिक्स निघाली की बऱ्याच जणांचं मत वाचायच्या आधीच ठरलेलं असतं. मालिका चालली, आता तिच्या नावावर पुस्तकंही खपवायची, एवढाच त्यांचा अर्थ. मला हे पटत नाही. का पटत नाही ते 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'बद्दल बोलून सांगते, कारण वर्षानुवर्षं मी याच कॉमिक्सवरून लोकांशी भांडत आले आहे. (मालिका पाहिली नसेल तर इथेच थांबा. पुढे सगळं उघड केलं आहे.)

मालिका २००५ ते २००८ या काळात आली. ६१ भाग. शेवटी शंभर वर्षांचं युद्ध संपतं, फायर नेशनचा राजा म्हणजे फायर लॉर्ड ओझाई तुरुंगात जातो, त्याचा मुलगा झुको गादीवर बसतो आणि मालिकेचा नायक आंग (चारही तत्त्वं वश असलेला 'अवतार') याला शेजारी उभं करून शांततेचं युग सुरू करायची घोषणा करतो. २०१२ पासून डार्क हॉर्स या प्रकाशनाने पुढची कथा ग्राफिक कादंबऱ्यांतून आणली: 'द प्रॉमिस', 'द सर्च', 'द रिफ्ट', 'स्मोक अँड शॅडो', 'नॉर्थ अँड साउथ'. या पाचही जीन लुएन यांगने लिहिल्या आणि गुरीहिरू या जपानी चित्रकर्तींच्या जोडीने काढल्या. मालिकेचे निर्माते डिमार्टिनो आणि कोनिएट्झको कथेच्या आखणीत होतेच.

आता 'द प्रॉमिस' बघा. युद्ध संपलं, म्हणजे फायर नेशनने बळकावलेल्या वसाहती रिकाम्या करून अर्थ किंगडमला परत द्यायच्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवून मान्य केलेलं. मग झुको यू दाओला पोचतो. ही सगळ्यात जुनी वसाहत. शंभर वर्षांत तिथे दोन्हीकडच्या माणसांची लग्नं झालीत, पोरंबाळं झालीत. महापौर फायर नेशनचा, बायको अर्थ किंगडमची. त्यांची मुलगी कोरी अर्थबेंडर (माती-दगड हवे तसे हलवणारी) आहे, पण स्वतःला फायर नेशनचीच नागरिक मानते. वसाहती सोडायचा हुकूम निघाला म्हणून ती झुकोला मारायला महालात घुसलेली असते! आता हिला 'परत' कुठे पाठवणार? तिचं घर कुठलं?

झुको हुकूम मागे घेतो. आंगला वाटतं, हा बापाच्या वाटेने निघाला. आणि आंगने त्याला वचन दिलेलं आहे की तू ओझाईसारखा झालास तर मी तुला संपवेन. वचन झुकोनेच मागून घेतलेलं.

मालिकेला हा प्रश्न विचारता आला नसता. तिला शेवट करायचा होता आणि शेवट म्हणजे गाठ बांधणं. कॉमिक्स ती गाठ सोडवून दाखवतं. म्हणून माझं म्हणणं असं: राहिलेल्या कोड्यांची उत्तरं देणारं कॉमिक्स वाचलं नाही तरी चालेल. पण आनंदी शेवटाची पुढे काय किंमत मोजावी लागली हे सांगणारं असेल, तर ते मालिकेइतकंच महत्त्वाचं आहे.

तुम्हाला काय वाटतं?

---

झुंजार

धागा छान, पण मूळ मुद्द्याशी पूर्ण असहमत.

'अवतार'ची जादू कथेत जेवढी आहे तेवढीच हालचालीत आहे. वॉटरबेंडिंगमागे ताई ची, अर्थबेंडिंगमागे हुंग गार, फायरबेंडिंगमागे उत्तर शाओलिन, एअरबेंडिंगमागे बागुआ. या चार शैली खऱ्या युद्धकलांवरून घेतल्या आणि त्यासाठी जाणकार माणूस सोबत ठेवला. टॉफला तर बाकीच्या अर्थबेंडरांपेक्षा वेगळी, साउदर्न प्रेइंग मँटिसची ढब दिली. कारण ती आंधळी आहे, जमीन पायांनी वाचते, तिचं पाऊल टाकणंच निराळं. कोण कसं उभं आहे यावरून माणूस कळायचा. कागदावर त्याची पोझ होते. दगड हवेत, चेहरा रागीट, बाजूला मोठ्या अक्षरांत आवाज. संपलं.

झुको आणि त्याची बहीण अझुला यांचं शेवटचं द्वंद्व आठवा. निळी आणि केशरी आग समोरासमोर, आणि ढणढणाट नाही. आगीचे आवाज मागे सारून वर ते दुःखी संगीत ठेवलंय. आपण जिंकतोय असं वाटतच नाही, एक मुलगी आपल्यासमोर मोडतेय असं वाटतं. किंवा झुकोचा काका आयरो टेकडीवर एकटा बसून मेलेल्या मुलासाठी गाणं म्हणतो तो प्रसंग. गाताना आवाज फुटतो त्याचा. ही दोन्ही दृश्यं पानावर आणून दाखवा.

आवाज आणि हालचाल काढून घेतली की उरतो तो कथेचा सारांश. तो मी का वाचू?

---

निळी_शाई

झुंजार, तुम्ही चित्रकथेला न हलणारं ॲनिमेशन समजताय. ते वेगळं माध्यम आहे. पडद्यावर वेळ दिग्दर्शकाच्या हातात असतो, पानावर माझ्या. एखाद्या चेहऱ्यापाशी मला हवं तेवढं थांबता येतं.

'द रिफ्ट'मधला खाणीचा प्रसंग घ्या. टॉफ घरातून पळून आली होती आणि तिचे वडील लाओ बेफाँग अजून तिला मुलगी मानायला तयार नाहीत. चारचौघांत ओळख नाकारतात. मग खाण कोसळते आणि टॉफ ते अख्खं ओझं पेलून धरते. आत अडकलेल्यांत वडीलही आहेत. पडद्यावर याचा थरार झाला असता: दगड निसटतायत, धूळ उडतेय, वेळ संपत आलीय. पानावर मात्र ती जागच्या जागी आहे, हात वर, घामेजलेली, आणि बापलेकीचं बोलणं चाललंय. ती हलूच शकत नाही! न हलणं हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे. तिथे स्थिर चित्र कमी पडत नाही, तेच लागतं.

गुरीहिरूंच्या रेषेबद्दल कोणी बोलत नाही याचंही वाईट वाटतं. मालिकेतले चेहरे हुबेहूब ठेवून भाव इतके स्वच्छ काढणं सोपं नाही. संवाद वाचताना मला तेच ओळखीचे आवाज ऐकू येतात, ते त्या चेहऱ्यांमुळेच.

---

पाणवठा

मालिका जीव ओतून पाहिलेली, आणि कॉमिक्समुळे दुखावलेली वाचक म्हणून लिहितेय.

मालिकेच्या शेवटच्या भागात झुको तुरुंगात जाऊन बापाला विचारतो, माझी आई कुठे आहे? उत्तर मिळत नाही. ते न मिळणं मला इतकं खरं वाटलं होतं. काही मुलांना ते कधीच मिळत नाही, आणि तरी त्यांना चांगलं माणूस व्हावं लागतं.

'द सर्च'ने उत्तर काय दिलं? त्या आईने, उर्साने, एका आत्म्याकडून नवा चेहरा घेतला आणि सोबत आठवणीही पुसून घेतल्या. आता ती गावी दुसऱ्या नावाने राहते, जुन्या प्रियकराशी लग्न केलंय, एक गोड मुलगी आहे. म्हणजे पोटच्या दोन मुलांना ती विसरली, आणि तेही स्वतः मागून! आईच्या विरहाचं एवढं मोठं दुखणं जादूने निकालात काढलं. वर ते पत्राचं प्रकरण. झुको ओझाईचा मुलगाच नाही अशी हूल पुस्तकभर द्यायची आणि मग कळणार की उर्साने ते मुद्दाम खोटं लिहिलं होतं, ओझाई आपली पत्रं फोडतो का हे बघायला. झुकोचा सगळा प्रवास 'या बापाचा मुलगा असूनही' असा आहे. त्यात ही शंका घुसवायचीच कशाला?

आता मालिका परत पाहताना तो तुरुंगातला प्रश्न आला की मला हे सगळं आठवतं. वाचलेलं पुसता येत नाही. 'नाही आवडलं तर विसरून जा' म्हणणाऱ्यांना हे कळत नाही.

---

सातवा_सूर

पाणवठा +१. आणि एक वेगळा धोका सांगतो.

'सामुराय जॅक' २००४ मध्ये कथा अर्धवट ठेवून थांबली. २०१३ मध्ये आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने कॉमिक्स सुरू केली. मालिकेवर काम केलेला अँडी सुरियानो चित्रं काढत होता, त्यामुळे चाहत्यांनी हीच पुढची कथा म्हणून जीव लावला. मग २०१७ मध्ये मालिकाच पाचवं पर्व घेऊन परतली आणि तिने कॉमिक्सची वाट सोडून स्वतःची धरली. ज्यांनी भक्तिभावाने वाचलं त्यांच्या हाती काय उरलं? पडद्यावाल्यांनी मनात आणलं की छापलेलं बाद. या उतरंडीत कॉमिक्स कायम खाली असतं, मग वाचकाने मन कशाला गुंतवायचं?

---

वाचनवेडा

सातवा_सूर, उतरंड उलटीही फिरते. हार्ले क्विन १९९२ मध्ये बॅटमॅनच्या ॲनिमेशन मालिकेत पहिल्यांदा आली, जोकरची एक साथीदार म्हणून. ती मुळात कोण, हे १९९४ च्या 'मॅड लव्ह' या कॉमिक्सने सांगितलं. लेखक पॉल डिनी, चित्रं ब्रूस टिम, दोघेही मालिकेचेच. त्याला कॉमिक्ससाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला आणि १९९९ मध्ये त्याच कॉमिक्सवरून मालिकेचा भाग झाला. छापील पान आधी, पडदा नंतर.

आणि रेघोटी, हे उदाहरण तुमच्या नियमालाही छेद देतं बरं का. 'मॅड लव्ह' पुढचं काही सांगत नाही, मागची पोकळीच भरतं. पण कसं भरतं! हार्ले बॅटमॅनला पिरान्हा माशांच्या टाकीवर उलटा टांगते. का, तर जोकरला त्या माशांची पडेल तोंडं आवडत नसतात, आणि उलट्या माणसाला ती हसरी दिसतील. जोकरला न जमलेलं तिने प्रेमापोटी जमवलंय, मोठ्या अभिमानाने त्याला फोन करते, तो येतो आणि भडकतो. विनोद समजावून सांगावा लागला म्हणून तिला खिडकीबाहेर ढकलून देतो. मोडकी हाडं घेऊन ती ठरवते, आता बस्स. तेवढ्यात त्याने पाठवलेलं एक फूल दिसतं, आणि ती पुन्हा त्याचीच. मारहाण करणाऱ्या नात्यात माणूस का अडकून राहतो हे मुलांच्या मालिकेच्या जोडपुस्तकात इतकं थेट सांगितलंय. कोड्याचं उत्तर चांगल्या हातात पडलं तर तेही थोर होतं.

---

रेघोटी (धागाकर्ती)

@पाणवठा, 'द सर्च'बद्दल तुमचं दुःख मला समजतं. मला खटकणारं पहिलं पुस्तक तेच आहे, आणि वर केलेला फरक याच पुस्तकामुळे मनात पक्का झाला. तरी त्यातली कियी, झुकोला अचानक मिळालेली धाकटी बहीण, मला हवीशी वाटते. अझुलासारखी बहीण असलेल्या मुलाला दुसऱ्यांदा भाऊ व्हायची संधी मिळते.

@वाचनवेडा, 'मॅड लव्ह' थोर आहेच. पण ते कोडं सोडवतं म्हणून थोर नाही. हार्लेच्या हसण्याकडे बघायची नजर ते बदलून टाकतं. त्यानंतर मालिकेचे जुने भाग पाहताना हसू येत नाही. याला मी परिणामच म्हणेन, फक्त तो मागच्या दिशेने झाला.

@झुंजार, ते द्वंद्व आणि आयरोचं गाणं पानावर येणार नाही, कोणी आणायलाही जाऊ नये. पण 'द प्रॉमिस'मध्ये झोप उडालेला झुको चोरून तुरुंगात जातो आणि ओझाईसमोर चहा घेऊन बसतो. राज्य कसं करायचं हे त्याला त्या बापाला विचारावंसं वाटतं, ज्याने त्याचा चेहरा जाळला. त्याला हालचाल लागत नाही. दोन माणसं, गज आणि चहा.

---

झुंजार

चहाचा प्रसंग चांगला आहे, मान्य. पण त्या प्रसंगाचं वजन ६१ भागांनी कमावलंय. मालिका न पाहिलेल्या माणसाला ते पान द्या, त्याला एक खिन्न मुलगा दिसेल. जे पुस्तक स्वतःच्या पायावर उभं राहत नाही त्याला मी स्वतंत्र साहित्य म्हणणार नाही.

---

निळी_शाई

दुसरा खंड पहिल्याशिवाय कळत नाही म्हणून तो कमअस्सल ठरतो का? मालिकेचं तिसरं पर्व तरी पहिली दोन न पाहता कुठे कळतं?

---

कापूरगंध

'अवतार'च्या पुढच्या मालिकेचा, 'लेजंड ऑफ कोरा'चा मुद्दा कोणीच काढला नाही. २०१४ मध्ये मालिका संपली तेव्हा नायिका कोरा आणि तिची मैत्रीण असामी हातात हात घालून आत्म्यांच्या जगात निघतात, बस्स. एवढंच दाखवता आलं. त्या प्रेमात आहेत हे निर्मात्यांना नंतर लिहून सांगावं लागलं. २०१७ मध्ये आलेल्या 'टर्फ वॉर्स'ने पहिल्याच भागात ते उघड दाखवलं. चुंबनही, घरच्यांना सांगतानाची धाकधूकही. लेखक स्वतः डिमार्टिनो, चित्रं आयरीन कोह.

कोणत्या राष्ट्रात अशा नात्यांकडे कसं पाहतात हे आंगची मुलगी काया एका बैठकीत सांगून टाकते. एअर नोमॅड्सना काही वावगं वाटत नाही, वॉटर ट्राइबमध्ये खासगी गोष्टी घरातच ठेवतात, फायर नेशनमध्ये फायर लॉर्ड सोझिनने बंदी घातली, वगैरे. ते पान मला भाषणासारखं वाटलं. कथेत मुरायला हवं होतं. पण ज्या मुलींनी शेवटच्या दृश्यात स्वतःला ओळखलं आणि 'असं काही नाहीच' हे ऐकून घेतलं, त्यांच्यासाठी ही पुस्तकं वाचण्यासारखी आहेत की नाहीत हा प्रश्नच येत नाही. पडदा जिथे कचरला तिथे कागद बोलला.

---

पाणवठा

कापूरगंध, हे मला पटतं. आणि बघा, 'टर्फ वॉर्स'ने मालिकेतलं काही मोडलं नाही, दबलेलं वर आणलं. 'द सर्च'ने मोकळं ठेवलेलं दार बंद केलं. माझी तक्रार तीच आहे आणि तशीच राहील.

'द प्रॉमिस' मात्र मी हातातच घेतलं नव्हतं, 'द सर्च'नंतर मनच उडालं होतं. कोरीबद्दल वाचून घ्यावंसं वाटतंय. तीन भाग सुटे घेऊ की एकत्र?

---

रेघोटी (धागाकर्ती)

एकत्र घ्या, 'लायब्ररी एडिशन' म्हणून पुठ्ठा बांधणीत मिळतं. पानं मोठी आहेत आणि यांग आणि गुरीहिरूंच्या टिपा सोबत छापल्यात, कुठला प्रसंग कसा सुचला, कुठे काय बदललं. पहिल्या वाचनात टिपा टाळा. आणि यू दाओला दोन्ही सैन्यं समोरासमोर येतात तिथे घाई करू नका. आधीचा अवतार रोकू आंगला झुकोला संपवायला सांगतो आणि आंग रोकूशीच नातं तोडतो, ते वाचल्यावर इथे येऊन लिहा. मला तुमचं मत हवंय.