मालवणात घडणाऱ्या सुपरहिरो कॉमिकचा पहिला अंक: नवखा वाचक सहाव्या पानावरच का थांबतो?

कातळसडा:
पहिल्या अंकाची पटकथा तयार आहे. आतली पानं २४, वर कव्हर. नायिका मालवणच्या रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या घरातली. समुद्राची ओढ, म्हणजे पाण्याचा खेच, तिला अंगात जाणवते आणि ती फिरवताही येते. मांडणी अशी: १ ते ५ पणजीपासूनची पूर्वपीठिका, ६ ते १० घर आणि गाव, ११ व्या पानावर शक्ती, १८ वर खलनायक, २४ वर 'क्रमशः'. कॉमिक वाचणाऱ्यांना आवडतंय, पण ज्यांनी कधी कॉमिक हातात धरलं नाही ते सहाव्या पानाच्या पुढे सरकत नाहीत. शिवाय मालवणी संवाद अडतात म्हणतात. काय कापू?

बाकड्यावरचा राजा:
पणजी कापा. १९३८ मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा आला तेव्हा ग्रह फुटणं, यान, बालपण हे सगळं एका पानात उरकलं होतं. बॅटमॅन मे १९३९ चा, त्याच्या आईवडिलांचा खून वाचकाला नोव्हेंबरच्या अंकात कळला. तोवर कुणाचं काही अडलं नाही. १९६२ ची स्पायडरमॅनची पहिली गोष्ट उगमाचीच आहे, पण ११ पानांत संपते, आणि तिथे उगम हाच पेच आहे. तुमच्या पणजीत पेच नाही, नुसती माहिती आहे.

दशावताराच्या नाटकात राजा येतो, बाकड्यावर बसतो, आपण कोण आणि आपल्यापुढे संकट काय ते सांगतो, की आख्यान सुरू. वंशावळ मागाहून, लागली तर.

तुमच्याकडे रापणीसारखं दृश्य असताना पूर्वपीठिका हवीच कशाला? किनाऱ्यावर दोन बाजूंना दोन दोर, दोन्हीकडे माणसं ओढतायत. एका बाजूला ओढ वाढते, जाळं तिरकं होतं, दोर सुटायला लागतो. ती पाणी वळवते, जाळं सरळ येतं. तिला काय जमतं ते एका कामातून कळलं, निवेदनाची चौकट लागली नाही. लगेच किंमतही दाखवा. इथली ओढ काढली तर ती जाणार कुठे? शेजारच्या खाडीच्या तोंडाशी, जिथे कुणाची तरी होडी आहे. किंमत नसलेली शक्ती नवख्याला जादूचा खेळ वाटते, कारण काय होऊ शकत नाही हेच त्याला ठाऊक नसतं.

पानं उलटण्याचा हिशोबही बघा. पान १ उजवीकडे पडतं, म्हणजे सगळी विषम पानं उजवीकडे. प्रश्न विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत, उत्तर उलटल्यावर सम पानावर. दोर सुटतो ३ वर, पाणी वळतं ४ वर. तुमची शक्ती ११ वर आहे, ती १० वाचतानाच शेजारी दिसते आणि फुकट जाते. १८ आणि २४ योग्य जागी आहेत.

खाजणातला:
वरच्याशी बराचसा सहमत, एक सोडून. पहिल्या चौकटीपासून जाळं तिरकं होऊ देऊ नका. रापण कधीच न पाहिलेल्या लातूरच्या वाचकाला जाळं तिरकं झालंय हे कळणार कसं? पान १ वर सरळ चाललेली रापण दाखवा: वरून एक मोठी चौकट, दोन्ही दोर आणि पाण्यातली जाळ्याची कमान एकत्र दिसेल अशी. मग बिघाड.

दुसरं, नावं. आपल्याकडे नावाने हाक मारतो कोण? सगळे आबा, बाय, गो, रे. दहा पानं गेली तरी नायिकेचं नाव येत नाही, ही चूक इकडच्या लेखकांकडून हटकून होते. रापण झाल्यावर माशांचे वाटे लागतात तिथे नावं पुकारा. हजेरीही झाली आणि कुणाला किती मिळतं, कोण नाराज आहे तेही कळलं. पण नावाची माणसं या अंकात चारच, बाकीचे चेहरे.

शिरोरेषा:
अक्षरांवर कुणी बोललं नाही, आणि अर्धे वाचक तिथेच गळतात.

मॉर्ट वायझिंगर या जुन्या अमेरिकन संपादकाचा नियम होता: चौकटीला ३५ शब्द, सहा चौकटींच्या पानाला २१०. तो इंग्रजीतल्या कॅपिटल अक्षरांसाठी. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींत जास्त अंतर लागतं. माझ्या मते संवादाच्या फुग्यात १५ ते १८ शब्द, पानाला १२० च्या आत. पहिल्या चार पानांत त्याहून कमी.

फॉण्ट युनिकोडच घ्या. 'कलम' हस्ताक्षरासारखा आहे, चालेल. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरं फुटतात. छापायला देताना अक्षरांची पीडीएफ शब्दन् शब्द तपासा.

मालवणी राहू द्या. 'माका', 'तुका', 'खंय' संदर्भाने कळतात. अडतं ते नाम: वस्तूचं नाव पहिल्यांदा येतं त्याच चौकटीत ती वस्तू हातात दिसली पाहिजे. 'पाण्याक ओढ आसा' म्हणणारा माणूस घोट्याभर पाण्यात उभा हवा, पायाखालची वाळू सरकताना. तळटीप नको, तिच्यासाठी नजर फुग्यातून खाली जाते आणि परत येताना चौकट चुकते.

कातळसडा:
पटलं. पण खलनायक? परराज्यातल्या एलईडी बोटींचा, म्हणजे रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बोटींचा मालक आहे. १८ व्या पानापर्यंत त्याला लपवू?

बाकड्यावरचा राजा:
माणूस लपवा, दिवे नको. पाचव्या-सहाव्या पानापासून रात्रीच्या प्रत्येक चौकटीत क्षितिजावर पांढरा उजेड ठेवा, अंकागणिक नाही, पानागणिक जवळ येणारा. कुणी त्यावर बोलायचं नाही. आणि 'क्रमशः'च्या आधी या अंकातलं काहीतरी मिटवा, निदान शेजारच्या खाडीतली ती होडी परत येऊ द्या. नुसती टांगलेली गोष्ट विकत घेणारा दुसऱ्या अंकाला येत नाही.

खाजणातला:
नवा खर्डा झाला की आठव्या पानाशी वाचकाला थांबवा आणि तीनच गोष्टी विचारा: तिचं नाव काय, आज तिला काय हवंय, तिला काय जमत नाही. तिसऱ्याला अडखळला तर ४ आणि ५ पुन्हा काढा, पुढची पानं नव्हे.