मदत हवी आहे : केरीच्या फेरीबोटीतून गाडी तेरेखोलला नेता येते का?

शहापूरचा प्रवासी : येत्या शनिवारी पहाटे बेळगावहून निघून चोर्ला घाटाने केरीला उतरायचे, तेथून फेरीबोटीने गाडीसह तेरेखोलचा किल्ला गाठायचा आणि वेंगुर्ल्याची डच वखार पाहून रविवारी परतायचे, असे ठरवले आहे. फोनवरचा नकाशा मात्र केरीपासून तेरेखोलपर्यंत बराच लांबचा रस्ता दाखवतो, हे पटत नाही, कारण मध्ये केवळ नदी आहे. बोट गाडी घेते की नाही, एवढेच सांगावे. मुक्कामाची खोली आजच ठरवायची आहे.

खानापूरकर : नकाशा बरोबर आहे. चोर्ला उतरल्यावर लागते ते सत्तरी तालुक्यातले केरी. फेरीबोटीचे केरी पेडणे तालुक्यात, समुद्रकाठी. मीही एकदा सत्तरीच्या केरीत टपरीवर चहा घेताना फेरीचा धक्का कोठे, असे विचारले होते. टपरीवाल्याने आधी माझ्या गाडीची केए २२ ही बेळगावची पाटी पाहिली आणि मगच हसला. गाडी कोणती, सोबत कोण, हे तुम्ही लिहिलेले नाही.

घाटवाट : मुळात नदी ओलांडायचीच कशाला? तेरेखोल गोव्यात मोडत असले तरी किल्ला नदीच्या उत्तर काठावर आहे आणि रेडीकडून थेट तेथे रस्ता जातो. आंबोलीने उतरून सावंतवाडी, वेंगुर्ले, शिरोडे, रेडी या क्रमाने जावे. बेळगावच्या ब्रिटिश लष्करी छावणीला लागणारे सामान ज्या वेंगुर्ले बंदरातून वर चढत असे, त्याच वाटेने तुम्ही खाली उतराल. म्हणजे वसाहतकाळ शोधायला समुद्रापर्यंत थांबावे लागणार नाही.

काळी नदी : वखारीच्या पडक्या भिंती पाहण्यापेक्षा कारवारला जावे. जवळच अंजदीव बेट आहे, जेथे पोर्तुगीजांनी १५०५ मध्ये किल्ला बांधला आणि पुढे मुंबईचा ताबा मिळण्याची वाट पाहत थांबलेले इंग्रज सैनिक रोगराईने मोठ्या संख्येने मेले.

घाटवाट : अंजदीव नौदलाच्या हद्दीत आहे, सहलीला जाता येत नाही, शिवाय प्रश्न तेरेखोलचा आहे. पडक्या भिंतींविषयी म्हणाल, तर डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली ती केवळ व्यापारासाठी नव्हे. गोव्याची समुद्रातून नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना जवळचा आधार हवा होता. हे मनात ठेवून पाहिल्यास त्या भिंती पुरेशा बोलतात.

शहापूरचा प्रवासी : दोन केरी आहेत हे खरोखर ठाऊक नव्हते. गाडी लहान आहे. सोबत ७८ वर्षांचे वडील आहेत, हे लिहायचे राहिले. सावंतवाडीच्या सावंतांचा तेरेखोल पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला, हे त्यांनीच सांगितल्यापासून किल्ला पाहायचा आहे. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत.

खानापूरकर : हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते. मग आंबोलीनेच जा, घाटातल्या वळणांवर सावकाश चालवा आणि मुक्काम वेंगुर्ल्यात करा, म्हणजे वखार संध्याकाळी निवांत होईल आणि किल्ला रविवारी सकाळी, उन्हाच्या आत. उंबरे आणि उंचसखल जमीन दोन्हीकडे भेटेल, तेव्हा काठी सोबत असू द्या.

शहापूरचा प्रवासी : वेंगुर्ल्यात खोली ठरवली, तळमजल्यावरची. आभारी आहे.

पेडणेकर : केरीच्या फेरीबोटीत दुचाकी नेता येते. मी स्वतः नेलेली आहे.