गट भरलाय, बाहेर रांग आहे. गप्प बसणाऱ्यांना काढायचं का?

ग्रिलमधली बाग
मुंबईत बाल्कनीत, खिडकीत, जिन्यात जमेल तिथे झाडं लावणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सॲप गट आहे. कुलाब्यापासून विरारपर्यंत, इकडे बदलापूर-पनवेलपर्यंतची माणसं. गटाची मर्यादा १०२४, ती केव्हाच भरली. आत यायला मागणाऱ्यांची यादी माझ्याकडे वाढतेच आहे. आणि आत काय, तर बोलणारी तीच ती पंधरा-वीस माणसं. बाकीच्यांनी आल्या दिवशी नमस्काराचा इमोजी टाकला, की गडप. लोकलच्या दारात उभं राहायचं, ना आत सरकायचं ना खाली उतरायचं, तसला प्रकार.

माझा प्रस्ताव असा: वर्षभरात एक ओळही न लिहिलेल्यांना पावसाळ्याआधी काढायचं. आधी सूचना, मग पंधरा दिवसांची मुदत. ज्याला राहायचंय त्याने आपल्या झाडाचा एक फोटो टाकावा. एवढंही जमत नसेल तर जागा का अडवायची? मला विरोध ऐकायचाय, पण कारण द्या. "बिचारे राहू दे" हे कारण नव्हे.

तिसरा मजला, मागची बाजू
साफ विरोध, आणि कारणासकट.

तुम्ही स्वतः टाकलेल्या एखाद्या संदेशावर बोट दाबून ठेवा आणि 'माहिती'त जा. कोणी कोणी वाचलं ती यादी येते. वाचल्याची निळी खूण खासगी गप्पांत बंद करता येते, गटात नाही. ती यादी बघा आणि मग सांगा किती जण गडप आहेत ते.

दुसरं, लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्येच लिहून ठेवलंय की ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर १ टक्का माणसांचा असतो. १०२४ चा एक टक्का म्हणजे दहा. तुमच्याकडे पंधरा-वीस बोलतात. गट चांगला चाललाय की!

मी अशाच एका गटात कित्येक वर्षं गप्प आहे. जानेवारीत मोगरा छाटायचा, उरलेली पानं ओरबाडायची, माती उकरून शेणखत घालायचं, काही दिवस पाणी बेतानं. हे सगळं मी तिथे वाचून शिकले. कुणाला विचारलं नाही, कारण माझ्या आधी कुणीतरी विचारलं होतं. त्याखाली मी "थँक्यू" लिहिलं असतं तर गट जिवंत झाला असता का? हजार फोन वाजले असते, एवढंच.

हार्बरकर
निल्सनचा आकडा म्हणजे निरीक्षण आहे, कुणाला दिलेली सूट नव्हे. ९० टक्के वाचतात म्हणून ९० टक्क्यांनी वाचतच राहावं असं कुठे आहे?

मला वाचणाऱ्यांचा राग नाही. पण उत्तरं देणाऱ्यांचं बघा ना. आमच्या गटात एक निवृत्त आजोबा होते. कुणीही जास्वंदीवरच्या पांढऱ्या चिकट किडीचा फोटो टाकला की दहा मिनिटांत उत्तर: लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल, दोन थेंब भांड्याचा साबण, नीट घुसळा, संध्याकाळी फवारा, पानांच्या खालून मारा, उन्हात अजिबात नको. प्रत्येक वेळी नव्याने टाइप करायचे, एका बोटाने. "कालच सांगितलंय" असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. मग एक दिवस "अमुक यांनी गट सोडला" एवढी ओळ दिसली. त्या ओळीखाली पुढचा संदेश काय, तर "कोकोपीट कुठे स्वस्त मिळेल?"

शेकडो लोकांनी त्यांचं फुकट घेतलं आणि एकानेही अडवलं नाही. त्यानंतर गट मेल्यातच जमा. म्हणून मी काढायच्या बाजूने.

तिसरा मजला, मागची बाजू
@हार्बरकर दादा, तुमचीच गोष्ट पुन्हा वाचा. आजोबांना दमवलं कुणी? गप्प बसणाऱ्यांनी? की आधीचं न शोधता रोज तोच फोटो टाकणाऱ्यांनी? ग्रिलमधली बाग यांच्या नियमानुसार ते कोकोपीटवाले गटात राहतात आणि वाचून आपापलं झाड वाचवणारे बाहेर.

हार्बरकर
बरं, हा मुद्दा मान्य. पण आजोबांना थांबवायला कुणी पुढे आलं नाही, हा गप्प बसण्याचाच दोष.

गोरेगाव पूर्व
काढण्यापेक्षा बोलतं करा. सोमवारी भाजी, मंगळवारी फुलझाडं, बुधवारी कीड, गुरुवारी खत, शुक्रवारी फोटो स्पर्धा. आमच्या सोसायटीच्या गटात करतो, मस्त चालतं.

कोकोपीट
आणि माझ्या तुळशीला कीड गुरुवारी लागली तर तिने पुढच्या बुधवारपर्यंत थांबायचं का?

गोरेगाव पूर्व
टिंगल सोपी असते हो. आमच्याकडे रोज साठ-सत्तर संदेश पडतात.

कोकोपीट
त्यातले सुप्रभात किती?

गच्ची नाही, फक्त खिडकी
एक गोष्ट इथे कुणाच्याच बोलण्यात आली नाही. लिहिलं की नंबर उघडा पडतो. तसा यादीत तो असतोच, पण यादी चाळत कोण बसतं? मी एकदा वेलची केळीचं रोप कुठे मिळेल असं विचारलं. उत्तर गटात एकच आलं. खासगीत मात्र रात्री साडेअकराला "हाय, तुम्ही कुठे राहता?" असं एका अनोळखी गृहस्थांनी विचारलं. ॲडमिनला कळवलं तर म्हणे, "दुर्लक्ष करा ताई." त्यानंतर मी त्या गटात एक अक्षर लिहिलेलं नाही. वाचते सगळं.

गप्प असलेल्या बायकांना "फोटो टाका नाहीतर बाहेर" म्हणण्याआधी त्या गप्प का आहेत हे जरा विचारा. आणि हो, त्यांना विचारायला एखादी बाई ॲडमिन ठेवा.

ग्रिलमधली बाग
ताई, असल्या माणसाला त्याच मिनिटाला काढायला हवं, त्यात चर्चा नाही. पण हे काढून टाकणं वेगळं आणि मी म्हणतोय ते वेगळं. शिवाय ॲडमिनवर जबाबदारी असते. उद्या कुणी काही भलतंसलतं टाकलं तर पोलीस मलाच विचारणार. हजार अनोळखी माणसं पाळून मी काय करू?

वकील नाही, पण
ती भीती बरीच कमी करता येईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत दिसल्याशिवाय, दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला दोषी धरता येत नाही. आणि मुळात जो काहीच टाकत नाही तो तुम्हाला गोत्यात कसा आणेल?

बदलापूर फास्ट
मला हा सगळा वादच चुकीच्या टोकाला धरलेला वाटतो. तुम्ही माणसं मोजताय. नवा माणूस पहिल्यांदा लिहितो तेव्हा काय होतं ते बघा, गट तिथेच उभा राहतो नाहीतर बसतो. युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या व्यवस्थेतल्या चर्चागटांवर २००६ मध्ये एक अभ्यास झाला होता: पहिल्या संदेशाला उत्तर मिळालेली माणसं पुन्हा लिहिण्याची शक्यता जास्त. इंग्रजी विकिपीडियाचं तर उघड उदाहरण आहे. २००७ नंतर तिथले सक्रिय संपादक घटत गेले. २०१३ मधल्या संशोधनात दिसलं की दर्जा राखायला आणलेले नियम आणि आपोआप चालणारी साधनं नवख्याचं चांगल्या हेतूने लिहिलेलंही पुसून टाकायची, आणि तो परत यायचा नाही.

तर ॲडमिन साहेब, गेल्या महिन्याभरातले नव्या लोकांचे प्रश्न काढा आणि किती प्रश्न उत्तराविना तसेच वर सरकून गेले ते मोजा. त्या ताईंच्या केळीला उत्तर एकच आलं म्हणतायत. तुमच्याकडची स्थिती फार वेगळी असेल असं मला वाटत नाही. आधी पाच माणसं नेमा, पाळीने. काम एवढंच: नव्या माणसाचा प्रश्न रात्रीपर्यंत कोरा राहता कामा नये. आणि निमतेलासारखी नेहमीची उत्तरं एकदा नीट लिहून गटाच्या माहितीत वर ठेवा, म्हणजे पुढचे आजोबा टिकतील.

हार्बरकर
पाळी लावली की ती नोकरी झाली. पहिले दोन आठवडे उत्साह, मग "आज घरी पाहुणे आहेत".

बदलापूर फास्ट
होईल तसंही. मग दुसरे पाच.

कांदिवली ते कांदळवन
एवढं का ताणता? टेलिग्रामवर जा. दोन लाखांपर्यंत माणसं मावतात, नंबर लपवता येतो. रांगही गेली आणि ताईंचा प्रश्नही सुटला.

गच्ची नाही, फक्त खिडकी
नंबर लपेल, माणूस तोच राहील. आणि आमच्या सासूबाईंसारख्या ज्या खऱ्या माळीण आहेत त्या व्हॉट्सॲप सोडून कुठेही जायच्या नाहीत.

डोंबिवली स्लो
मार्गानुसार तोडा ना. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर अनेक गट एकत्र जोडणाऱ्या 'कम्युनिटी'ची सोय आहेच, सामायिक सूचना एकीकडे, गप्पा आपापल्या गटात. रोपांची देवाणघेवाण तशीही जवळच्या जवळच होते. दर वेळी दादरला भेटायचं, आणि फलाटांचे नंबर बदलल्यापासून अर्धे लोक आठ नंबर शोधत फिरतात. (सेंट्रलचा जुना एक म्हणजे आताचा आठ, अजून किती वेळा सांगू.)

हार्बरकर
तोडलं की जाणकार सगळे एका गटात आणि दुसरीकडे नुसते प्रश्न. आमच्या हार्बरला बोन्साय कळणारा एकही माणूस नाही.

पण देवाणघेवाणीवरून आठवलं. फेब्रुवारीत राणीच्या बागेत पालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे आम्ही गटवाले भेटलो होतो. गटात भरपूर बोलणारे बरेचसे रिकाम्या हातांनी आलेले. एक बाई मात्र दुधाच्या पिशव्यांत रुजवलेली गवती चहाची आणि ओव्याची रोपं घेऊन आल्या, येईल त्याच्या हातात देत होत्या. नाव विचारून गटात शोधलं तर त्यांचा एकही संदेश सापडेना. काढायच्या बाजूने मी अजून आहे, पण वर्षभर न लिहिणं ही कसोटी लावली तर त्या बाई जातात. ते मला चालणार नाही.

ग्रिलमधली बाग
मग कसोटी सांगा. यादीत ताटकळणाऱ्या माणसाला मी काय उत्तर देऊ? तोही उद्या दुधाच्या पिशव्या घेऊन येणारा असू शकतो. आत असलेल्या प्रत्येकाची बाजू इथे मांडली गेली, बाहेर असलेल्याची कुणीच मांडत नाहीये.

बदलापूर फास्ट यांचं पाच माणसांचं या महिन्यापासून करून बघतो. एक बाई ॲडमिन हवीच, हेही पटलं. काढण्याच्या प्रस्तावावर मात्र मी ठाम आहे. रविवारी गटात मतदान टाकतो, बहुमत होईल ते.

तिसरा मजला, मागची बाजू
मतदानात मत न देणाऱ्यांची मतं कुठल्या बाजूला धरणार, तेवढं रविवारच्या आधी जाहीर करा.