उत्तर: रीमॅपनंतर वर्षभरात कॅट गेला

प्रश्न असा, की गाडीचा रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं) केल्यावर वर्षभरात कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) गेला. रीमॅपमुळे मिक्श्चर रिच झालं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आणि कॅट वितळला हे वर म्हटलंय ते शक्य आहे, पण सगळं खापर ट्यूनरच्या (रीमॅप करणाऱ्याच्या) डोक्यावर फोडण्याआधी हेडर (इंजिनला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप) बदललाय का ते बघा. माझ्या गाडीत नेमकं तेच झालं होतं. आफ्टरमार्केट (बाहेरचा) हेडर बसवला, गॅस्केट (जॉइंटमधलं सील) मात्र जुनंच ठेवलं (पैसे वाचवले म्हणे!), आणि पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (कॅटच्या आधी बसलेला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आधी बारीकसा लीक. आता लीक म्हणजे गॅस फक्त बाहेर जातो असं नाही, एक्झॉस्टच्या पल्समध्ये मध्येमध्ये दाब कमी होतो तेव्हा बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला वाटतं मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) आहे, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बिचारा पेट्रोल वाढवत राहतो आणि ते जास्तीचं कॅटमध्ये जाऊन जळतं. मॅप (ईसीयूतलं प्रोग्रॅमिंग) एकदम बरोबर होता, तरी लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय ते) +१८ दाखवत होता.

पी०४२० कोड (कॅट खराब झाल्यावर गाडी दाखवते तो एरर कोड) फक्त कॅट काम करत नाही एवढंच सांगतो, का ते नाही. म्हणून जुना कॅट भंगारात द्यायच्या आधी त्याचं तोंड बघा. जाळी वितळून गोळा झाली असेल तर जास्तीचं पेट्रोल किंवा मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), पांढरट राखेचा थर असेल तर इंजिन ऑइल पितंय, आणि नुसते तुकडे पडून खडखड वाजत असेल तर कुठेतरी आपटलाय किंवा गरम असताना पाण्यात घातलीये गाडी.

थंड इंजिन स्टार्ट करून हेडरच्या जॉइंटजवळ टिकटिक ऐकू येते का बघा, गरम झाल्यावर बऱ्याचदा ती बंद होते.