मदत हवी आहे: इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना फॉल्ट (बिघाड) शोधायला कसं शिकवू? (नाशिक, आयटीआय)

नमस्कार. मी नाशिकमधल्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडची निदेशक आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात मेंटेनन्सला असलेले, स्वतःचं युनिट चालवणारे, आयटीआय करून कामाला लागलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून इथेच विचारते आहे. लिहिणं जरा लांबलंय, पण कृपया पूर्ण वाचा.

माझी दुसऱ्या वर्षाची मुलं स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर आधी 'स्टार' जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग 'डेल्टा'त पूर्ण ताकदीवर नेणारं पॅनेल, डोळे झाकून जोडतात. तीन कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की मोटरचा सप्लाय जोडणारे स्विच), टायमर, ओव्हरलोड रिले (जादा करंट गेला तर मोटर बंद करणारा), प्रत्येक वायरीला नंबरचं फेरूल, डक्टचं झाकण व्यवस्थित बसवलेलं. बघत राहावं असं काम. स्टारमध्ये लाइनचा करंट डेल्टाच्या एक तृतीयांश का, हेही फळ्यावर मांडून दाखवतात. मग मी त्यांना चहाला पाठवते आणि सप्लाय बंद करून मेन कॉन्टॅक्टरच्या होल्डिंग कॉन्टॅक्टची, म्हणजे बटण सोडल्यावरही कॉइलचा सप्लाय चालू ठेवणाऱ्या कॉन्टॅक्टची, एकच वायर काढून ठेवते. परत आल्यावर हिरवं बटण दाबलं की मोटर फिरते, बोट काढलं की थांबते. एवढ्यावरून पुढचं सुचायला हवं. कॉइलला सप्लाय पोहोचतोय, म्हणजे स्टॉप बटण ठीक, ओव्हरलोडही ठीक. राहिला तो बटणाला समांतर असलेला रस्ता, तेवढाच तपासायचा. पण वीस जणांच्या तुकडीतली बहुतेक मुलं आधी टायमरला हात घालतात, नाहीतर सगळं पॅनेल उचकटून पहिल्यापासून वायरिंग करायला बसतात. नव्याने जोडलं की ते चालतं, मुलं खूश होतात, आणि बिघाड काय होता हे शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही.

"मॅडम, आता सगळीकडे पीएलसी आणि ड्राइव्ह आलेत, मग हे शिकून काय उपयोग?" हा प्रश्न मला दर वर्षी येतो. (पीएलसी म्हणजे मशिन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण.) रास्त आहे. मोटर हळूहळू उचलण्याचं काम आता ड्राइव्ह करतो आणि वरून वेगही हवा तसा बदलून देतो. अभ्यासक्रमातही ड्राइव्ह आले, सौर ऊर्जा आली. उद्या आणखी काही येईल. पण ऐन शिफ्टमध्ये लाइन बंद पडली तर पॅनेल पहिल्यापासून जोडायला कंपनीत कोण वेळ देणार? लक्षण पाहून कारणापर्यंत पोहोचता आलं तर मुलगा ओझरच्या विमान कारखान्यात टिकेल, पिंपळगाव-मोहाडीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या शीतगृहावर टिकेल आणि दिंडोरीतल्या शेतावरच्या सौर पंपावरही टिकेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हे शिकवायचं कसं, तिथे मात्र मला मदत हवी आहे.

मुलांची परिस्थितीही सांगते, कारण उत्तरं देताना ती लक्षात असावी. बरीच मुलं पेठ, सुरगाणा, निफाडकडून एसटीने येतात. निम्म्यांच्या डोक्यात महावितरणची विद्युत सहाय्यकाची भरती असते. ती जागा सुरुवातीची तीन वर्षं कंत्राटी असते हे माहीत असूनही भरती निघेपर्यंत घरी बसायची तयारी असते. उरलेले अप्रेंटिसशिपला जातात. वर्ष संपलं की पुष्कळ ठिकाणी त्यांना निरोप मिळतो आणि नवी तुकडी आत येते. माझा एक विद्यार्थी, पेठकडचा, हात इतका सफाईदार की कॉन्टॅक्टर उघडून त्याचे पॉइंट घासताना त्याच्याकडे बघत बसावं, तो परवा म्हणाला, "मॅडम, डिलिव्हरीला गेलो तर आजच स्टायपेंडपेक्षा जास्त सुटतात." घरी धाकटी बहीण शिकते आहे. त्याला 'थांब' म्हणायचं तर त्या थांबण्यातून पुढे काय मिळेल हे मला ठामपणे सांगता आलं पाहिजे.

तर मेंटेनन्सवाल्यांना माझा प्रश्न असा, की नवीन मुलगा आला की पहिल्या महिन्यात तुम्ही त्याच्यात नेमकं काय बघता? खऱ्या मशिनवर वारंवार येणारे बिघाड कोणते? ते बोर्डावर मुद्दाम करून ठेवता येतील असे असले तर फार बरं. आमच्याकडे पीएलसीचा एकच किट आहे, एका वेळी तीन-चार मुलं त्याच्यापाशी उभी राहतात, बाकीची नुसती बघतात. त्यावर काही उपाय? आणि युनिट चालवणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगावं, की वर्षभर शिकवलेला अप्रेंटिस तुम्ही ठेवून का घेत नाही? सुनावायला विचारत नाहीये. मुलांना खरं कारण सांगायचं आहे.

प्रतिसाद (सातपूर, मेंटेनन्स)

मॅडम, मीही आयटीआयचाच. पहिली गोष्ट, पीएलसीचा प्रोग्रॅम क्वचित बिघडतो. लाइन थांबते ती सेन्सर जागचा हलल्यामुळे, केबल आतून तुटल्यामुळे, टर्मिनल सैल झाल्यामुळे. तुम्ही काढून ठेवता त्या वायरीचीच ही भावंडं. म्हणून पोरांना आधी प्रॉक्सिमिटी सेन्सर द्या, धातू जवळ आला की न शिवता सिग्नल देणारा. तपकिरी वायर चोवीस व्होल्ट, निळी शून्य, काळी आउटपुट. समोर लोखंड धरलं की सेन्सरचा स्वतःचा दिवा लागतो, तोच सिग्नल पोहोचला की पीएलसीच्या इनपुटचाही दिवा लागतो. पहिला लागला आणि दुसरा नाही, तर बिघाड मधल्या वायरीत. दोन्ही लागले आणि मशिन पुढे जात नाही, तर मागचं सोडा, पुढची कंडिशन आणि आउटपुट बघा. एवढं ज्याला जमतं तो माझ्याकडे महिनाभरात एकटा शिफ्ट सांभाळतो.

दुसरी गोष्ट, पहिली दहा मिनिटं पेचकस हातात देऊच नका. आधी ऑपरेटरशी बोलायचं. बंद कधी पडलं, त्याआधी काय बदललं होतं, आवाज आला का, वास आला का. मग कागदावर तीन ओळी: काय दिसतंय, काय ठीक असल्याचं त्यावरून सिद्ध होतं, आता काय तपासणार. तुमच्या वर्गात एका पोराला ऑपरेटर करा आणि त्याला विचारलं तेवढंच सांगायची ताकीद द्या. विचारायला लाजणारी पोरं फार आहेत, आमच्याकडे अडतात ती तिथेच. आणि मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप आणि टॅग लावल्याशिवाय पॅनेलमध्ये हात नाही, ही सवय तुमच्याकडेच लागू दे.

प्रतिसाद (अंबड, पॅनेल बनवतो)

ताई, विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. माझ्याकडे २२ माणसं आहेत. ऑर्डर असली की ओव्हरटाइम, नसली की निम्मी माणसं रिकामी. वर्षअखेरीला हातात ऑर्डर नसेल तर मुलगा कितीही चांगला असला तरी ठेवता येत नाही. ऑर्डर होती तेव्हा ठेवलेलेही आहेत, आणि ते कोण होते तेही सांगतो. पॅनेल तपासणीला गेलं की चूक स्वतः शोधून ड्रॉइंगवर लाल पेनने दुरुस्ती मारणारे. वायरिंग करणारे मला मिळतात. ड्रॉइंग वाचून 'साहेब, इथे इंटरलॉक राहिलाय' म्हणणारा मिळत नाही. (इंटरलॉक म्हणजे दोन कॉन्टॅक्टर एकाच वेळी लागू न देणारी जोडणी.)

आणखी एक. ३० किंवा जास्त माणसं असलेल्यांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, पण ४ ते २९ माणसांच्या युनिटलाही स्वतःहून घेता येतात, हे आमच्या गल्लीत कितीतरी जणांना ठाऊक नाही. एनएपीएस या केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. तुम्ही मोठ्या कंपन्यांच्याच दारात उभ्या राहता. आमच्याकडे या. छोट्या युनिटमध्ये मुलाला वर्षभर एकाच स्टेशनवर उभं करणं परवडतच नाही, त्याला सगळं करावं लागतं.

प्रतिसाद (सिन्नर)

माझं मत थोडं वेगळं आहे. फॉल्ट शोधणं बरोबरच, पण मुलाखतीपर्यंत पोहोचायला बायोडेटावर पीएलसी दिसावं लागतं. किट एकच आहे म्हणून अडू नका. डेल्टा कंपनीचं पीएलसी प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, डब्ल्यूपीएलसॉफ्ट, विनामूल्य मिळतं, त्यात सिम्युलेटर आहे. संगणक कक्षात दोघांत एक संगणक मिळाला तरी लॅडर (पीएलसीचा सर्किटसारखा दिसणारा प्रोग्रॅम) लिहून चालवून बघता येतं. पहिलं लॅडर तुमच्या स्टार-डेल्टाचंच करा, मुलांना पाठ आहे.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. पेचकसाशिवाय दहा मिनिटं आणि तीन ओळींचा कागद सोमवारपासूनच सुरू करते. गुण देताना मोटर चालली की नाही यापेक्षा त्या कागदाला जास्त गुण ठेवेन.

सिन्नरकर, स्टार-डेल्टाचंच लॅडर ही सूचना फार आवडली. होल्डिंग कॉन्टॅक्ट मुलांना पडद्यावर बटणाच्या खालच्या ओळीत डोळ्यांनी दिसेल. लॅडरमधूनही तो काढून ठेवता येईल आणि तेच लक्षण पुन्हा शोधायला देता येईल.

अंबडचे दादा, तुमच्या गल्लीतल्या युनिटवाल्यांना एकदा एकत्र भेटता येईल का? अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदणी करायला मी स्वतः बसेन, त्यांनी फक्त कागदपत्रं आणावीत. पेठच्या त्या मुलाला मी आधी तुमच्याकडेच पाठवू इच्छिते. ड्रॉइंग हातात देऊन बघा, मग ठरवा. घेतलंत तर स्टायपेंड किती द्याल ते मात्र आधी सांगा, त्याच्या घरी मला आकडा सांगावा लागेल.

सातपूरकर, भंगारात जाणारे सेन्सर, तुटक्या केबली, जुनी टर्मिनलं तुमच्या कंपनीतून रीतसर पत्र देऊन मिळू शकतील का? पत्र कोणाच्या नावे लिहायचं, स्टोअरच्या की एचआरच्या? इतर कोणाकडेही असं सामान असेल तर इथेच लिहा, मी येऊन घेऊन जाईन. बिघडलेलं असलं तरी चालेल, उलट तेच हवं आहे.