शाखेची लाइन २ एमबीपीएस, दुपारी काउंटर अडकतो. काय घ्यावं? (बजेट ५,०००)

सड्यावरचा: राजापूर तालुक्यातली पतसंस्थेची शाखा. सर्व्हर रत्नागिरीला, काम रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दाबलेलं अक्षर तिथे जाऊन मग इथल्या पडद्यावर उमटतं. दुपारी केवायसीचे स्कॅन वर जायला लागले की दाबलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटतं. काल एका आजींचा ५०० चा भरणा घेताना शून्य दिसेना म्हणून कॅशियरताईंनी परत दाबलं, झाले ५,०००. पावती छापायच्या आधी आजींनीच विचारलं म्हणून बरं. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) एरवी ३० मिलिसेकंद, तेव्हा २,१००. फायबर गल्लीत आलेलं नाही.

भाऊ_कराडकर: फायबर घ्या. आमच्याकडे १०० एमबीपीएस आहे, दोन वर्षांत एकदाही अडकलं नाही.

घाटमाथा: आम्ही ८५ हजारांचा फायरवॉल बसवला. स्वस्तातलं घेऊन दोनदा पस्तावलोय.

वायरमन_७२: दादा, २ एमबीपीएसवर १,५०० बाइटचं पॅकेट (डेटाचा तुकडा) जायला ६ मिलिसेकंद लागतात. म्हणजे २,१०० मिलिसेकंदांत तुमच्या एका अक्षरापुढे स्कॅनची साडेतीनशे पॅकेटं उभी असतात. लाइन मोठी घेतली तरी मोठा अपलोड ती भरणारच. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर) चालेल असा राउटर घ्या, त्यातल्या एसक्यूएम या रांग सांभाळायच्या सोयीत 'केक' ही पद्धत निवडा आणि अपलोड १,८०० केबीपीएसला बांधा. लाइनच्या वेगापेक्षा थोडं कमीच ठेवायचं, म्हणजे रांग मोडेमात न साचता तुमच्या राउटरमध्ये लागते. तिथे हलक्या प्रवाहाला, म्हणजे तुमच्या अक्षरांना, वाट मिळते.

घाटमाथा: त्यापेक्षा रिमोट डेस्कटॉपच्या ३३८९ पोर्टला डीएससीपी ४६ ही 'आधी सोडा' अशी खूण लावा, झालं.

वायरमन_७२: पुढचा प्रोव्हायडर ती खूण मानेल याची खात्री काय? शिवाय व्हीपीएनचा (सगळा डेटा गुंडाळून एकाच बंद वाटेने नेणारा) डबा वेगळा असेल तर बाहेरच्या राउटरला आतलं पोर्ट दिसतच नाही. सगळा एकच प्रवाह दिसतो, केकलाही हलका प्रवाह वेगळा काढता येत नाही. मग रांग व्हीपीएनच्या आधी लावावी लागते.

मालवणी_माणूस: आधी अर्थिंग बघा! जूनमध्ये वीज पडून माझे दोन राउटर गेले. वॉरंटीवाल्यांनी हात वर केले.

भाऊ_कराडकर: म्हणूनच म्हणतो, फायबर. काचेतून वीज येत नाही.

मालवणी_माणूस: ॲडाप्टरमधून येते ना भाऊ!

रानमोगरा: वायरमन म्हणतात तेच. आमच्या गोदामात केक लावल्यापासून बिलिंग अडकत नाही.

सड्यावरचा: सगळ्यांचे आभार. भाच्याचा राउटर आणून रविवारी शाखेत लावून पाहिला. स्कॅन चालू असताना पिंग ४८! वायरमनदादांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण बाहेरचं फर्मवेअर संस्थेच्या लाइनवर चालवायला मुख्य कार्यालय परवानगी देत नाही, आणि ठेवीदारांचा पैसा असल्यामुळे मलाही ते पटतं. तेव्हा राउटर घेत नाही. स्कॅन रंगीत ३०० डीपीआयचे होते, ते ग्रेस्केल १५० वर आणले. अपलोड साडेपाचनंतर, काउंटर बंद झाल्यावर. उद्या दुपारी पिंग चालू ठेवतो, आकडा इथे टाकतो.