मदत हवी आहे: पॅप स्मिअरमध्ये गठ्ठ्यातल्या पेशी कशा मोजाव्यात?
नमस्कार मंडळी. गर्भाशयमुखाच्या पॅप स्मिअरवर (काचपट्टीवर पसरलेल्या पेशींच्या नमुन्यावर) पेशींची केंद्रकं इमेजजे या प्रतिमा मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजतेय. स्टेज मायक्रोमीटरने (अचूक मापाच्या खुणा असलेल्या काचपट्टीने) कॅलिब्रेशन केलंय. नॉर्मल इंटरमीजिएट (मधल्या थरातल्या) पेशीचं केंद्रक 35 चौरस मायक्रॉनच्या आसपास येतं, एलसिलमध्ये (LSIL, म्हणजे पेशींतला सौम्य दर्जाचा विकृत बदल) तिपटीहून मोठं. इथवर ठीक.

अडतंय एचसिलपाशी (HSIL, म्हणजे तीव्र दर्जाचा, कर्करोगपूर्व बदल). तिथे केंद्रक एलसिलपेक्षा लहानही असतं, पण भोवतीचं पेशीद्रव्य इतकं कमी की खरा फरक दोन्हींच्या गुणोत्तरातच कळतो. आणि नेमक्या याच पेशी एकमेकींवर चढलेल्या. कड कुठे संपते तेच दिसत नाही. फक्त सुट्या पेशी मोजल्या तर सगळ्यात वाईट पेशीच हातून सुटतील, ही धास्ती आहे.

गठ्ठ्याच्या कडेच्या पेशी तुम्ही धरता का? एका स्लाइडवर किती पेशी पुरेशा मानता? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.